जुने प्रकरण, पुढे चालू

विषय : कोपऱ्यात उभ्या असलेल्या इसमाबाबत.
संदर्भ : चौदा तारखेची रात्र, दोन वाजून दहा मिनिटे. (कारकुनी हिशेबाने पंधरा.)

दिवे येईपर्यंत ऐका पोरांनो. खरी गोष्ट आहे, माझ्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाची.

आवक टपालावर शिक्के मारता मारता त्यांचं नावच शिक्काकाका पडलं होतं. निवृत्त झाले, पण हात थांबेना. काकूंना विसरण्याचा आजार जडला, तेव्हा काकांनी त्याचीही फाइल उघडली. बहिणीचं नाव विसरली, नोंद. चपला फ्रिजमध्ये ठेवल्या, नोंद. फाइल कपाटात, किल्ली काकांच्या गळ्यात.

त्या गुरुवारी संध्याकाळी ते काकूंचा मोडलेला चष्मा दुरुस्तीहून आणायला गेले. मुलगा मंगळवारीच रजेवर आला होता, तो आईपाशी बसला. काका परतले, तर काकू चादरीवरून नसलेले धागे वेचत होत्या.

"अहो, कोपऱ्यातल्या माणसाला खुर्ची द्या. मघापासून ताटकळलाय बिचारा."

कोपऱ्यात कोणी नव्हतं.

"कालपर्यंत तर बरी होती रे," काका म्हणाले.

"बाबा, आजार वाढणारच. आता एखाद्या संस्थेत ठेवायचं बघा."

काकांनी नोंद केली : जुने प्रकरण, पुढे चालू.

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी त्यांना जाग आली. काकू बसलेल्या. अंग कढत. ओठ कोरडे.

"अहो... तुम्ही फिरायला गेलात, की पोरगा मला काहीतरी चारतो."

"काहीतरीच काय! पोटचा मुलगा आहे तो."

"ह्यांनी पाहिलंय." काकूंनी कोपऱ्याकडे बोट केलं. "पाकीट जपून ठेवलंय म्हणतात."

काकांनी लिहिलं : भास. पान त्रेचाळीस. फाइल कपाटात. कुलूप.

काकू बघत राहिल्या.

"तुम्हीसुद्धा..."



कोपऱ्यात... कोणीतरी खाकरलं.

काकांनी मोठा दिवा लावला. कोणी नाही. पण काकू आता हाकेला डोळे उघडेनात.

खालच्या मजल्यावर एक परिचारिका राहायची. काकांनी हाक मारताच ती तशीच धावत वर आली. "कधीपासून हे?"

"संध्याकाळपासून. आजार जुनाच आहे."

"जुना आजार वाळवीसारखा असतो काका, वर्षानुवर्षं पोखरतो. एका दिवसात माणूस असं पालटलं, तर ती घरफोडी! कोण शिरलंय ते शोधायचं. ताप, लघवी, अंगातलं पाणी, नवीन औषध. आणि तुम्ही काय केलंत? नोंद! नवीन काही दिलंय का?"

"नाही," मुलगा भिंतीला म्हणाला.

डॉक्टरांनी फोनवर जुने कागद लागतील म्हटलं होतं, म्हणून दवाखान्यात निघताना काकांनी कपाटातून फाइल घेतली. तिथं उघडली.

पान त्रेचाळीस. भास.

त्यामागे टॅगमध्ये नीट ओवलेलं गोळ्यांचं पाकीट. चार कप्पे रिकामे. कोपऱ्यात लाल शाईत आकडा : चव्वेचाळीस.

अक्षर काकांचं नव्हतं. किल्ली गळ्यात होती.

मुलगा पांढराफटक पडला. "झोपेच्या गोळ्या... आईनं शांत झोपावं म्हणून. तिनं, आणि मीही. पण मी ते पाकीट चौकातल्या कचरापेटीत टाकलं होतं, बाबा... कालच."

गोळ्यांनी लघवी तुंबली होती, डोकं भ्रमलं होतं. गोळ्या बंद झाल्या. डोळ्यांवर चष्मा, खिडकीत उजेड, घोटघोट पाणी, ओळखीचा आवाज, आणि वाद घालायचा नाही. परिचारिकेनं एवढं बजावलं. चौथ्या दिवशी काकूंनी स्वतःहून वेळ विचारली. पूर्वीइतक्या विसरू लागल्या, आणि त्याचाच काकांना आनंद झाला. मुलगा रजा संपायच्या आत निघून गेला.

फक्त एक गोष्ट. काकू काकांच्या हातून पाणी घेईनात. का, ते त्यांना आठवत नव्हतं. परिचारिकेकडून घ्यायच्या. काका समोर आले, की ओठ मिटायचे.

काकांना बोलून दाखवता येईना. शेवटी जन्मभर जे जमलं तेच केलं. अर्ज लिहिला. 'तू खरं बोललीस आणि मी ते भास म्हणून नोंदवलं. क्षमा असावी.'

काकूंनी चष्मा लावून दोनदा वाचला. घडी घालून उशीखाली ठेवला. मग कोपऱ्याकडे पाहिलं. तिथं आता काकांनी खुर्ची ठेवली होती.

"ह्यांना विचारून सांगते."

सात महिने झाले. अर्ज प्रलंबित आहे.