महाराणी कुणाच्या हाकेला ओ देते?

"आजपासून त्या जाळीवाल्यांच्या पोरीशी खेळायचं नाही!" आजीने फर्मान सोडलं आणि टिकलीच्या सुट्टीचे बारा वाजले.

आजीची लाडकी शेळी महाराणी दुपारपासून गायब होती आणि तिच्या दोरीचा तुकडा सापडला होता खालच्या गल्लीत, नेमका शिट्टीच्या दारात! शिट्टी ही टिकलीची जिवाभावाची मैत्रीण. बेटावर गल्ल्या चार: मीठवाले, म्हणजे टिकलीच्या घरचे, मासे धरणारे जाळीवाले, माळी आणि होड्या बांधणारे सुतार. जो तो वेगळ्या किनाऱ्यावरून आलेला, घरातली बोली वेगळी. एरवी सगळे गुण्यागोविंदाने राहत. पण काही हरवलं, की बोट दुसऱ्या गल्लीकडे!

"माझे बाबा चोर नाहीत गं," शिट्टी मुसमुसत म्हणाली.

"मला सांगतेस? चल, आपणच शोधू!" टिकली म्हणाली. तिचा धाकटा भाऊ ढोल्याही शेपटासारखा मागे निघाला.

आजीसारखी "येऽ येऽ" अशी हाक मारून मारून टिकलीचा घसा बसला. शेळीचा पत्ता नाही!

"त्या हाकेला कशाला येईल ती?" ढोल्या म्हणाला. "आजी दूध काढायला बोलावते. ऐकलं की महाराणी धूम ठोकते!"

टिकली थबकली. "अरेच्चा! मग खायला कोण बोलावतं?"

शिट्टीने मान खाली घातली. "आम्ही. रोज येते कलिंगडाच्या साली खायला, आजही आली होती. माळ्यांकडे जाते, सुतारांकडेही. आजी रागावतील म्हणून बोलले नाही."

"अगं, मग मार की तुमची हाक!"

"टुर्र टुर्र टुर्र!" करत वरात निघाली. मिठाच्या गोदामापाशी आतून उत्तर आलं, "बेंऽऽ!"

गोदामाची किल्ली टिकलीच्या काकांच्या कमरेला. "छे! मी स्वतः कुलूप लावलंय," काका गुरगुरले. दार उघडलं, तर महाराणी ढिगावर उभी राहून मजेत मीठ चाटत होती!

"काका, आत बघितलं होतंत?"

"जेवायची घाई झाली होती गं, न बघताच लावलं," काका डोकं खाजवत म्हणाले.

आजी तशीच तडक खालच्या गल्लीत गेली. "चुकलं माझं," ती शिट्टीच्या बाबांना म्हणाली. "पोरांनी माझे डोळे उघडले. शाबास रे! शेळीला चारी गल्ल्यांच्या हाका कळतात आणि मी इथे जन्म घालवला, मला आपली सोडून एक येत नाही!"

मग तिने शिट्टीला जवळ ओढलं. "उद्यापासून रोज यायचं खेळायला. आधी मला ते टुर्र टुर्र शिकव बघू!"