शेजाऱ्याला वाढा

गवत फारच छान आलं होतं, आणि तक्रार तीच होती.

हर्णैपासून दूर समुद्रात तरंगणाऱ्या लाटवाडी नगराच्या गच्चीवर, काचेच्या घुमटाखाली वाळू पसरून डॉ. कुमुद बोरवणकर यांनी गोल्फचं पटिंग ग्रीन पेरलं होतं. म्हणजे चेंडू अलगद ढकलून भोकात घालायची ती गुळगुळीत हिरवळ. नगराचे प्रशासक विश्राम टिपणीस यांनी खिशातून चेंडू काढून ढकलला. हातभर जाऊन तो शिऱ्यातल्या बेदाण्यासारखा रुतून बसला.

"बाई, हे ग्रीन आहे की गादी?"

"जास्त जेवलंय," कुमुद म्हणाल्या.

"आणि उष्टं आमच्या पिण्याच्या पाण्यात सांडतंय! गच्चीखालच्या टाकीतलं नायट्रेट चढलंय. उद्घाटनाच्या सामन्यापर्यंत उतरलं नाही, तर पाणी समिती हे सगळं उखडणार. मग तुमच्या भाताच्या वाफ्यांचंही विसरा."

टिपणीसांना ग्रीन हवं होतं ते पाहुण्यांसाठी, कुमुदना भातासाठी. या वाळूवर गवत पोसून दाखवलं, तरच शेजारच्या मोकळ्या गच्चीवर अन्न पिकवायची परवानगी होती. लाटवाडीत कोथिंबिरीची काडीसुद्धा बोटीने यायची. समुद्र खवळला की तीही नाही.

"पण चुकलं कुठे?" यंत्रज्ञ सलील नाडगौडा म्हणाला. "स्फुरद पेरणीआधीच वाळूत मिसळलं. नत्र वाळूत टिकत नाही, नायट्रेट होऊन वाहून जातं, म्हणून थोडं थोडं, वरचेवर देतोय. तेही मागेल त्यालाच."

मागणी कळायची सोय कुमुदनी केली होती. त्यांचं गवत 'क्षुधादर्शी' होतं. नत्र कमी पडलं की पातं निळसर व्हायचं. सलीलचं खेकड्याएवढं स्वयंचलित यंत्र ग्रीनवर फिरायचं आणि निळं पातं दिसेल तिथे खताचा थेंब सोडायचं. त्याचं नाव त्याने 'वाढपी' ठेवलं होतं.

"निळी पाती मी आज तपासली," कुमुद म्हणाल्या. "नत्राने ठासून भरलेली आहेत."

"गवत खोटं बोलतंय?" टिपणीसांनी विचारलं.

"ठरवून नाही. रोग पडला तर सगळं एकदम जाऊ नये म्हणून मी शेकडो वाण मिसळून पेरले. त्यात काही उगाच निळे पडणारे निघाले. वाढपी त्यांना वाढतो, ते फोफावतात, शेजारच्या प्रामाणिक वाणाची जागा बळकावतात. आता जागोजागी एकेक ढोंगी आहे."

"कळलं. निधीवाटपाच्या बैठकीत मी दर वर्षी हेच बघतो."

"मग वाढपी बंदच करतो," सलील म्हणाला.

"आणि आधी कोण मरेल? ज्याच्या पोटात खरंच काही नाही तो. ढोंग्यांची कोठारं भरलेली आहेत!"

दुपारी सलीलचं केळवण होतं, म्हणून तिघंही खानावळीत पंगतीला बसले. जिलबी फिरत होती. टिपणीसांना आणखी हवी होती; पण प्रशासकाने स्वतःसाठी मागायची कशी? त्यांनी सभ्य माणसाची रीत पाळली. वाढणाऱ्या शेवंताबाईंना हाक मारली, "अहो, नाडगौडांचं पान रिकामं दिसतंय, त्यांना वाढा!" आता बाई आपल्यालाही विचारतील, हा हिशेब. शेवंताबाईंनी सलीलच्या पानात चार जिलब्या टाकल्या आणि सरळ पुढे गेल्या.

टिपणीसांचा चेहरा बघून कुमुद एवढ्या मोठ्याने हसल्या, की पंगत थांबली.

"सापडलं! सलील, वाढप्याची आज्ञा बदल. जो निळा पडेल त्याला थेंब द्यायचा नाही. त्याच्या शेजाऱ्यांना द्यायचा."

"मग खरा भुकेला मरेल की, मॅडम."

"नाही मरणार. वाळूतलं नत्र संपतं तेव्हा त्या तुकड्यातल्या सगळ्यांचंच संपतं. सगळे निळे पडतात, एकमेकांना जेवू घालतात. ढोंगी मात्र एकटाच ओरडतो आणि स्वतःच्या खर्चाने शेजाऱ्याला पोसतो."

तसंच झालं. ढोंगी वाण मागून मागून वाळले, त्यांच्या जागी बारीक, ताठ पाती पसरली. टाकीतलं नायट्रेट उतरू लागलं. पण मग निळा रंगच दिसेनासा झाला आणि एके सकाळी वाढपी एकही थेंब न सोडता परत आला. सलील धावतच प्रयोगशाळेत शिरला.

"मॅडम, कोणीच मागत नाही! मेलं की काय?"

कुमुदनी पातं तपासलं. नत्र अगदी जेमतेम, तरी पातं ठणठणीत.

"माझ्या लक्षात यायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "मागून फायदा शेजाऱ्याचा. मग जो मागतच नाही, तोच जिंकणार. आधी गप्प राहणारे शेजाऱ्यांच्या जिवावर जगले. मग सगळेच गप्प झाले, वाढप बंद पडलं. त्यातले खादाड उपाशी मेले. उरले ते थोडक्यात भागवणारे. सलील, असं गवत मी वीस वर्षं शोधत होते!"

सामन्याच्या दिवशी टिपणीसांनी चेंडू ढकलला. तो काचेवरून निघाल्यासारखा गेला आणि टुणकन भोकात पडला. पाणी समितीने टाकीतल्या पाण्याचा पेला तिथेच पिऊन दाखवला. भाताच्या वाफ्यांची परवानगी मिळाली, आणि बेकार झालेला वाढपी नव्या पंगतीला रुजू झाला.

सलीलच्या लग्नात पुन्हा जिलबी होती. टिपणीस या वेळी अगदी गप्प बसले होते. कुमुदना दया आली. "शेवंताबाई, साहेबांना वाढा हो!"

भरघोस वाढलं गेलं. कुमुदनी आपल्या रिकाम्या पानाकडे पाहिलं, मग टिपणीसांकडे. ते खाली मान घालून मन लावून जेवत होते, आणि कोणालाही हाक मारायचं नाव काढत नव्हते.

"शिकलात की, साहेब!" कुमुद म्हणाल्या.

"तुमच्याच गवताकडून," टिपणीस म्हणाले, आणि पुढची जिलबी उचलली.