पिवळ्या झेंड्याचे चार दिवस

परक्या किनाऱ्यावर आपल्या भाषेतली शिवी कानावर पडली की माणसाला किती गहिवरून येतं, ते मला त्या सकाळी कळलं.

मी पाव घेऊन छोट्या होडीतून आमच्या बोटीकडे परतत होते. हातात वल्ही, समोर फळीवर कागदात गुंडाळलेला गरम पाव आणि तोंडात त्या पावाचं टोक. बाबांपर्यंत पावाचं टोक पोचलंय, असं आजवर कधी झालेलं नाही. एवढ्यात शेजारून आवाज आला. काल संध्याकाळपर्यंत जिथे मोकळं पाणी होतं, तिथे आता एक निळी शिडाची बोट नांगर टाकून उभी होती. तिच्यावर एक तरुण गुंतलेल्या दोरखंडाशी झटापट करत होता आणि त्या दोरखंडाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. असे शब्द पाच वर्षांत मी फक्त बाबांच्या तोंडून ऐकले होते, तेही इंजिन बंद पडल्यावर.

"दोराला ऐकू येत नाही," मी ओरडले. "शेजाऱ्यांना येतं."

तो असा दचकला की हातातला दोर थेट पाण्यात! मग त्यानं वळून पाहिलं... उन्हानं रापलेला चेहरा, आठवडाभराची दाढी आणि एकाच पायात मोजा.

"तुम्ही — आपली भाषा बोलता?"

"तुम्ही आत्ता बोलत होतात ती नाही. पण जवळपासची."

तो हसला. त्याचे आधी डोळे हसायचे आणि मग तोंडाला निरोप पोचायचा. हे मी पुढे बऱ्याचदा तपासून पाहिलं, खात्रीसाठी.

"या ना वर, चहा टाक—" असं म्हणता म्हणता त्यानं डोलकाठीकडे पाहिलं. वर पिवळा झेंडा फडफडत होता.

आम्हा बोटीवर राहणाऱ्यांत हा नियम फार कडक. दुसऱ्या देशातून आलात की पिवळा झेंडा लावायचा. अधिकारी येऊन कागद तपासेपर्यंत तुम्ही जमिनीवर पाऊल ठेवायचं नाही, दुसऱ्या कुणी तुमच्या बोटीवर चढायचं नाही आणि देणंघेणं तर सुईचंसुद्धा नाही.

"अधिकारी कधी येतात इथे?" त्यानं विचारलं.

"येतात तेव्हा येतात."

त्याची नजर माझ्या फळीवर खिळली होती. "तो पाव... ताजा आहे?"

"गरम आहे. वरून कडक, आतून मऊ —"

"बाई, दया करा!"

मी दया केली नाही. उरलेलं टोक त्याच्या डोळ्यांदेखत खाल्लं आणि वल्ही मारली.

आमचं थोडं सांगायला हवं. बाबांनी चाळीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवलं. लोकांना लांबचं नीट दिसेल याची सोय केली आणि आई गेल्यावर म्हणाले, आता जरा मीच लांबचं बघून येतो. दुकान विकून बोट घेतली. मी सोबत आले. बंदराबंदरात लोकांची फाटलेली शिडं शिवते. हातमशीन आहे माझ्याकडे, जुनं पण तगडं. कुठल्याही देशात बोटीला राहायला नव्वद दिवसांचा परवाना मिळतो. नव्वद दिवसांत शेजार होतो, मैत्री होते, आणि नव्वदाव्या दिवशी सगळे मिठ्या मारून म्हणतात, "पुढच्या बंदरात भेटू!" पाच वर्षांत एकही माणूस पुढच्या बंदरात भेटला नाही. म्हणून मी ठरवून टाकलं होतं, की हसायचं, बोलायचं, पण जीव लावायचा नाही.

त्या सकाळी आमचा पंचाऐंशीवा दिवस होता. नव्वदाव्याला पहाटे आम्ही उत्तरेला निघणार होतो. तिथल्या बंदरात माझी ताई यायची होती, पोटुशी. माहेर तरंगतं असलं तरी माहेरच ते. आणि निळ्या बोटीचा मालक? तो निघाला होता दक्षिणेला. या दिवसांत सगळ्याच बोटी उबेच्या मागे दक्षिणेला जातात.

म्हणजे विषय संपलाच होता.

दुसऱ्या दिवशी मी पिण्याचं पाणी आणायला दोनदा धक्क्यावर गेले. तिसऱ्यांदा कॅन उचलला तेव्हा बाबा चष्म्यावरून बघत म्हणाले, "पाणी फार लागतंय आपल्याला. उंट पाळलाय का?"

धक्क्याच्या वाटेवर निळी बोट लागायची, याला माझा काय इलाज! त्याच्या बोटीपासून दोन हातांवर मी होडी थांबवायची, तो कडेला पाय सोडून बसायचा. वल्ह्याएवढं अंतर. त्याहून जवळ जायला मला मनाई, खाली उतरायला त्याला. दोन वर्षं लाकूडकाम करून त्यानं ती बोट स्वतः दुरुस्त केली होती. परदेशात यायची त्याची ही पहिलीच खेप. त्यानं मला त्याचं मोठं शीड दाखवलं, तर त्याला हातभर उभी चीर.

"वादळात फाटलं," तो ऐटीत म्हणाला.

"आळसात फाटलंय. शिवण आधीच उसवलेली होती. तेव्हाच चार टाके घातले असतेत तर वादळ पुढे निघून गेलं असतं."

"इतक्या लांबून दिसतं तुम्हाला?"

"चष्मेवाल्याची मुलगी आहे मी."

तिसऱ्या दिवशी गप्पा ऐन रंगात आल्या होत्या आणि पावसाची सर आली. टपोरी, तिरपी. क्षणात होडीत पाणी साचायला लागलं.

"आत जा ना केबिनमध्ये!" मी ओरडले.

"तुम्हाला छप्पर नाही आणि मी आत बसू?"

"मग मी जाते घरी."

"मग मी जातो आत."

दोघंही हललो नाही. केसांतून पाणी निथळत होतं, पापण्यांवर थेंब थांबत होते आणि आम्ही खुळ्यासारखे एकमेकांकडे बघून हसत होतो. मी डब्यानं होडीतलं पाणी उपसत होते. तो म्हणाला, "तू अशी वैतागलीस ना, की छान दिसतेस." तुम्हीचं तू कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. नाही... मला कळलं. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या माझ्या, एवढ्या पावसात.

घरी आल्यावर बाबांनी टॉवेल दिला. मग म्हणाले, "पिवळ्या बरा आहे ना? भिजला का तोही?"

चौथ्या दिवशी तोच विचारून बसला, "तुम्ही कधी निघणार?"

"परवा पहाटे."

तो बराच वेळ बोटीच्या कडेचा रंग नखानं खरवडत राहिला. "मग... पुढच्या बं—"

"ते वाक्य बोलायचं नाही," मी एकदम तोडलं. माझा आवाज मलाच चिरका वाटला. "सगळे बोलतात. कुणी येत नाही."

त्यानं नुसती मान हलवली. मला तेही आवडलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी मी बंदर कचेरीत गेले. आम्हाला निघण्याचा शिक्का हवा होता. हा शिक्का एकदा बसला की चोवीस तासांत देश सोडायचा, मागे फिरता येत नाही. खिडकीपलीकडच्या बाईंनी आमच्या कागदांवर ठप्पकन शिक्का उमटवला. मी जाता जाता विचारलं, "त्या निळ्या बोटीकडे साहेब कधी जाणार? बिचारा चार दिवस अडकलाय."

"निळी बोट?" बाईंनी वही चाळली. "त्याचं तर अठरा दिवसांपूर्वीच झालंय सगळं, आधीच्या बंदरात. इथे आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच मी त्याला रेडिओवर सांगितलं, बाबा रे, झेंडा देशात शिरताना एकदाच लावतात, प्रत्येक बंदरात नाही. अजून उतरवला नाही? आम्हाला वाटलं, रंग आवडला असेल."

मी त्या दिवशी वल्ही अशी मारली की धक्क्यावरचे लोक बघत राहिले.

"उतरव तो झेंडा!"

तो उभा राहिला. एका क्षणात त्याला सगळं कळलं. "कचेरीत गेली होतीस..."

"चार दिवस! खोटं बोलत होतास!"

"पहिल्या दिवशी खरंच माहीत नव्हतं गं. नंतर उतरवायलाच गेलो होतो. दोरीला हात घातला आणि... तू पाण्याचा कॅन घेऊन येताना दिसलीस. वाटलं, मी अडकलोय म्हणून येतेस. मोकळा फिरायला लागलो तर कशाला थांबशील?"

"म्हणून चार दिवस काय खाल्लंस?"

"उकडलेले बटाटे," तो अपराध्यासारखा म्हणाला. "आणि डब्यातले वाटाणे. काल नुसतेच वाटाणे."

पावाचं दुकान शंभर पावलांवर होतं. दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर मी पोट धरून हसले असते. पण मला रडू फुटलं.

"अरे गाढवा, चार दिवस आपण त्या दुकानासमोरच्या बाकावर बसू शकलो असतो! शेजारी शेजारी! आता एकच दिवस उरलाय."

त्यानं हात पुढे केला. मी होडी वळवली आणि निघून आले.

दुपारभर मी आवराआवर केली. भांडी बांधली, पाण्याचे कॅन दोरानं आवळले, मशीनवर झाकण घातलं. बाबा नकाशा बघत बसले होते. मान वर न करताच म्हणाले, "दुकानात काही गिऱ्हाइकं यायची. फळ्यावरचं अक्षर दिसायचं नाही, पण अंदाजानं ठोकून द्यायची. दिसतंय, दिसतंय म्हणायची. तुझं तसं चाललंय."

"बाबा, मला काहीही झालेलं नाही."

"हं. खालची ओळ वाच बघू."

मी उत्तर देणार तेवढ्यात बोटीवर टकटक झाली.

बाहेर आले तर तो. स्वतःच्या होडीत, दाढी केलेली, हनुवटीवर कापल्याचा ताजा ओरखडा. होडीत त्या अवाढव्य शिडाची घडी अशी कोंबली होती की त्याला बसायलाही जागा नव्हती. तो तिच्यावरच चढून बसला होता. दातांत एक कागद धरला होता. तो त्यानं माझ्या हातात दिला.

निघण्याचा शिक्का. आजच्या तारखेचा. पुढचं बंदर या रकान्यात आम्ही निघालो होतो त्याच उत्तरेच्या बंदराचं नाव.

"बाईंनी तीनदा विचारलं," तो म्हणाला. "'अजून बहात्तर दिवस शिल्लक आहेत तुमचे, नक्की सोडायचे?' म्हटलं, नक्की."

"वेड लागलंय का? तुला दक्षिणेला जायचं होतं!"

"दक्षिण काही पळून जात नाही."

"आणि तुझं शीड फाटलंय! चोवीस तासांत देश सोडायचाय आणि शीड फाटलंय!"

"म्हणून तर घेऊन आलोय." मग तो थांबला. हसला नाही. "ते वाक्य बोलायची तू मनाई केलीस. मग... ते सांगण्याचा दुसरा मार्ग मला सुचला नाही."

मी त्या शिक्क्याकडे बघत राहिले. शाई अजून ओली होती, अंगठ्याला लागली. पाच वर्षांत मला कित्येकांनी किती गोड शब्द दिले होते. परतीची वाट बंद करून कुणी आलं नव्हतं.

"आवडतोस तू मला," मी म्हणाले. सरळ म्हणून टाकलं. "खोटारडा आहेस, आळशी आहेस, तरी आवडतोस. परवा पावसातच कळलं होतं मला."

"मला तर तू माझी शिवी ऐकलीस तेव्हाच," तो हळूच म्हणाला.

"पाचच्या आत उजेड जाईल," आतून बाबांचा आवाज आला. "प्रेम आवरा आणि मशीन काढा."

मग काय! शीड पसरलं तर सगळी बोट झाकून गेली. बाबा एका टोकाला, तो दुसऱ्या टोकाला, मध्ये मी आणि मशीन. तो कापड ताणून धरायचा, मी टीप मारायची. मध्येच आमची बोटं एकमेकांना लागायची आणि टीप वाकडी जायची. मला ती उसवून पुन्हा घालावी लागायची. तीनदा असं झाल्यावर बाबांनी जागा बदलली आणि स्वतः माझ्या शेजारी येऊन बसले. सूर्य पाण्याला टेकला तेव्हा शेवटची गाठ मारून झाली. आम्ही तिघांनी मिळून एक अख्खा पाव खाल्ला. त्यातला अर्धा एकट्या त्यानं, डोळे मिटून.

पहाटे वारा अगदी हवा तसा मागून वाहत होता. आधी आमचा नांगर उचलला गेला, मग त्याचा. बंदराच्या तोंडाशी आलो तसा उजेड फुटला आणि मागे निळ्या बोटीवर ते पांढरं शीड वर चढलं, पोटात वारा भरून घट्ट झालं. माझी शिवण टिकली.

पाच वर्षांत बंदर सोडताना मी कधी मागे वळून बघितलं नव्हतं. त्या सकाळी इतक्यांदा बघितलं, की शेवटी बाबांनी सुकाणू माझ्या हातातून काढून घेतलं.