नाव ऐकू न आलेला माणूस

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. माझ्या कुलपाश मावशीने जन्मात कधी थाप मारलेली नाही. आणि तेव्हा तर ती इतकी दमलेली होती, की थाप रचायचं त्राणही तिच्यात नव्हतं.

जानेवारीतली गोष्ट. रात्र नव्हती. भर दुपार होती.

जागा, एकिबास्तुझ शहराच्या पलीकडे कोळशाच्या खाणी मागे पडल्या की लागणारी मेंढ्यांची जुनी शेड.

मावशी करखात्यात तपासनीस. त्या हिवाळ्यात वीज पुरत नव्हती. घरं गारठलेली, आणि गावाबाहेरच्या असल्या शेडमध्ये मात्र यंत्रं अष्टौप्रहर बिटकॉइन काढत बसलेली. सरकारने फर्मान काढलं, नोंदणी करा, मालकाचं नाव दाखवा.

पण नाव सापडेल तर ना! नाणी जायची ती आकड्या-अक्षरांच्या एका लांबलचक पत्त्यावर. त्या पत्त्यामागे चोर आहे, कुणा बड्याचा मेहुणा आहे की शेजारचा मास्तर, कळायला मार्ग नाही.

"यंत्रं कसली आणताय?" साहेब ओरडायचे. "माणूस आणा!"

आणि प्रत्येक शेडमध्ये एकच उत्तर. "मी नुसता राखणदार, ताई. मालकाला मी कधी पाहिलंच नाही."

बहुतेकदा ते खरंही असायचं.

त्या दुपारी गाडी चालवताना खात्याचा ड्रायव्हर सापारगली म्हणाला, "ताई, तुमच्या वयाच्या बायका नातवंडं खेळवतात. तुम्ही भुतांच्या मागे फिरताय."

"भुतं परवडली रे. त्यांना निदान नाव असतं."

दोघं हसले. फारसं नाही.

वीजवाल्यांनी सकाळीच खांबावरची तार तोडली होती. शेडला बाहेरून कुलूप. सापारगलीने पहारीने ते उचकटलं आणि तो गाडीकडे परतला. त्या थंडीत इंजिन बंद पडलं असतं तर दोघांची धडगत नव्हती.

मावशी एकटीच आत गेली.

अशा शेडमधल्या पंख्यांचा आवाज लांबच्या रस्त्यावरही ऐकू येतो. इथे...

काहीच नाही.

यंत्रांच्या रांगाच रांगा. सगळ्या गार. टॉर्चच्या उजेडात नुसती धूळ आणि तिच्या स्वतःच्या श्वासाची वाफ.

आणि मग... मागे कुणीतरी खाकरलं.

उपड्या खोक्यावर एक तरुण बसला होता. अंगात कापूस भरलेलं जाकीट. डोक्यावर टोपी नाही. त्या थंडीत टोपी नाही!

"कोण रे तू? कुलूप तर बाहेरून होतं."

"मी इथेच असतो, ताई."

मावशीला वाटलं, झालं, आणखी एक राखणदार. "मालक कोण?"

"फोनवर बोलायचा. आवाजसुद्धा बदललेला. आम्हालाही एकमेकांना नावं सांगू द्यायचा नाही. म्हणायचा, नाव नसलं की कुणी पकडत नाही."

"बरं. तुझं तरी सांग."

त्याने सांगितलं.

मावशीला ऐकू आलं नाही.

"पुन्हा सांग."

त्याचे ओठ हलले. आवाज... नाही. बाहेरच्या इंजिनाची घरघर मात्र स्वच्छ ऐकू येत होती.

"मोठ्याने बोल की रे बाबा! कान गेलेत माझे."

"कान नाही गेले, ताई." हे लख्ख ऐकू आलं. "कुणालाच येत नाही."

तेव्हा तिचं लक्ष गेलं.

तिच्या तोंडातून वाफ निघत होती.

त्याच्या तोंडातून नाही.

टॉर्च हातातून निसटला. तिने तो चाचपडत उचलला, वर धरला...

खोक्यावर दहिवराचा पांढरा थर होता. कुणी बसल्याची खूणही नाही.

बाहेर आल्यावर सापारगली काहीबाही विचारत राहिला. तो तिला जवळच्या एकुलत्या घरात घेऊन गेला. तिथे मुकाश म्हातारबाबा राहायचे. त्यांनी दुधाचा चहा तिच्या हातात दिला, चेहऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "दिसला?"

तिने मान डोलावली.

"थंडीच्या तोंडावर विजेचा झटका बसून गेला, पोरी. बरोबरचे दोघं पळाले. मालकाचा फोन बंद. खिशात एक कागद नाही. जनाज्याला मुल्लाच अडखळला. दुआ मागायची ती कुणासाठी? दर शुक्रवारी माझी म्हातारी मेलेल्यांच्या नावाने शेलपेकच्या रोट्या तळून वाटते. ह्या पोराच्या वाटणीची रोटी हातात धरते आणि गप्प उभी राहते."

मावशी त्या रात्री जेवली नाही. अहवालात तिने लिहिलं, शेडमध्ये कुणी आढळलं नाही.

बर्फ वितळायला लागलं तेव्हा दक्षिणेकडून, ताराझहून, एक बाई कचेरीत आली. बीबीखान. मुलगा "कॉम्प्युटरच्या कामाला" म्हणून गेलेला, फोन येईना. पोलीस ठाण्यांचे उंबरे झिजवून ती इथे पोचली होती. तिने फोटो पुढे केला.

तेच जाकीट. तोच चेहरा.

मावशी स्वतः तिला घेऊन गेली. मुकाश म्हातारबाबाही आले. उघड्या माळावर मातीचा एक उंचवटा, त्यावर नुसता दगड. बीबीखान त्यावर पडली आणि तिने लेकाला हाक मारली.

"माझ्या बाळा," हे मावशीला ऐकू आलं. हुंदका ऐकू आला. वारा ऐकू आला.

नाव...

नाही.

आईने पुन्हा हाक मारली. पुन्हा. मावशीने म्हातारबाबांकडे पाहिलं. ते पांढरेफटक पडून स्वतःचा कान चोळत होते.

तेवढ्यात बीबीखानने मान वर केली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण चेहरा उजळलेला.

"ऐकलंत ना? ओ दिली त्याने."



आता तिथे नाव कोरलेला दगड आहे. सापारगली वाचून आला. तो मावशीला सांगायला लागला, तर तिने हात वर करून त्याला थांबवलं. न जाणो, आत्ताही ऐकू आलं नाही तर?

मालक सापडला नाही. नाणी त्या पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्यावर गेली, तिथून तिसऱ्या. साहेब अजून ओरडतात. मावशी अजून शेड पालथ्या घालते. राखणदार भेटला की आधी नाव विचारते आणि ते कानावर पडेपर्यंत श्वास धरून त्याच्या तोंडाकडे बघत राहते.

परवा एकाने नुसतेच ओठ हलवले. मग हसला.

"थट्टा करत होता, ताई," सापारगली गाडीत म्हणाला. "केवढ्याने हसला तो!"

मावशी खिडकीबाहेर बघत राहिली.

तिला ते हसू ऐकू आलं नव्हतं.