धामणखेडच्या कचेरीची जागा

रोहिणगडाच्या माचीवरून उजाडताना खाली पाहिले, की धामणखेडचा सारा कसबा धुक्यात बुडालेला असे. वर दिसे तो एकच उंचवटा, आणि त्यावर चार महिने पाथरवटांच्या छिन्नीखाली घडत आलेले नव्या परगण्याच्या कचेरीचे काळे चिरेबंदी जोते. त्या दिवशी मात्र तिथे छिन्नी वाजत नव्हती. जोत्यावर जाजम अंथरले होते, गावोगावचे पाटील-बलुतेदारांचे गोत जमत होते, आणि एका कोपऱ्यात कसब्याचा कुळकर्णी विसाजी नारायण मान खाली घालून उभा होता. तीन दिवस त्याच्या घशाखाली घास उतरला नव्हता, आणि उतरू नये असेच त्याने केले होते.

झाले होते ते असे. जुना परगणा भलताच पसरट; वरच्या गावच्या रयतेला फिर्याद न्यायची तर तीन मुक्काम पडत. म्हणून हुजुरातून हुकूम सुटला, की बेचाळीस गावे तोडून नवा परगणा करावा, आणि ज्या कसब्यात दसऱ्यापूर्वी न्यायसभेची जागा मुक्रर होऊन जोते उभे राहील, तिथेच परगण्याचे ठाणे बसावे. मग काय विचारता. धामणखेडचे जसवंतराव देशमुख आणि ओढ्यापलीकडले पिंपळदरीकर यांच्यात अशी चुरस लागली, की सोयरिकीसुद्धा मोडल्या. धामणखेडात जागा म्हणावी अशी तो उंचवटा तेवढा एकच, आणि ती पाबळ्यांची मिरास. पाबळे तीस वर्षांपूर्वी दुष्काळात परागंदा झालेले. पण मिरासदार कितीही वर्षांनी परतला तरी जमीन त्याचीच, असा मुलखाचा रिवाज. तिला हात लावायचा तर पाबळ्यांचा वंश खुंटला, असा गोताच्या सह्यानिशाण्यांचा महजर, म्हणजे साक्षीचा लेख, हवा होता.

तो महजर विसाजीने लिहिला. 'पाबळे गतकुळ झाले, मागे कोणी उरले नाही.' आणि हे लिहिताना त्याला पक्के ठाऊक होते, की दोनच वर्षांमागे गोदाकाठी राणोजी पाबळ्याच्या ओसरीवर आपण दोन दिवस उतरलो होतो, त्याने दिलेल्या शिध्यावर पोटभर जेवलो होतो, आणि निघताना त्याने गावातल्या एकेका झाडाची चौकशी केली होती. देशमुखांनी दरडावले म्हणावे तर तेही नाही. ते नुसते म्हणाले होते, "पंत, परगणा झाला तर त्याचे दफ्तर तुमच्याच हाती." एवढ्यावर माणूस विकला जातो.

मग राणोजी आला. जमिनीवर जोते चढल्याचे ऐकून पायी चालत आला, आणि गोतापुढे उभा राहिला. दहा वर्षांचा असताना गेलेला तो. काहींनी खरेच ओळखले नाही, आणि ज्यांनी ओळखले त्यांच्या निशाण्या महजरावर होत्या. हुजुरातून आलेले सभानायक त्रिमलशास्त्री यांनी तीनदा विचारले, "यास ओळखणारा कोणी आहे?" विसाजी जमिनीकडे पाहत राहिला. कागद नाही, साक्ष नाही. उरले ते दिव्य. राणोजी म्हणाला, "मी रवा काढतो." त्याच्या कपाळी बांधायची दाव्याची चिठ्ठी विसाजीनेच लिहिली. राणोजीने उजवा हात कढत्या तेलात घातला, तळाचा धातूचा रवा काढून शास्त्र्यांपुढे ठेवला, आणि तोंडातून हूं की चूं केले नाही. हाताला थैली बांधून तिच्यावर शिक्के झाले. तिसऱ्या दिवशी थैली उघडायची. हाताला फोड दिसला, तर माणूस लबाड, जमीन गेली आणि गावाची वेसही बंद.

तो तिसरा दिवस आज उजाडला होता.

"शिक्के शाबूत आहेत, शास्त्रीबुवा," देशमुख म्हणाले. "थैली उघडावी."

"थांबावे, शास्त्रीबुवा," विसाजी म्हणाला. आपलाच आवाज त्याला परका वाटला. "मनुष्याची साक्ष नसेल, तेव्हाच दिव्य घ्यावे, असे शास्त्र ना?"

"होय," शास्त्री म्हणाले.

"मग हे दिव्य होतच नाही. साक्ष आहे. माझी. हा राणोजी पाबळा. मी याच्या घरी उतरलो आहे. महजर मी लिहिला, आणि खोटा लिहिला."

जसवंतराव शांतपणेच बोलले. "पंत, कुळकर्ण जाईल. पिढीजाद आहे ते. शुद्धीवर आहात ना?"

"आता आलो, रावसाहेब. चार महिन्यांपूर्वी यायला हवे होते."

मग भैरोबाचा म्हातारा गुरव उठला आणि म्हणाला, "मीबी वळखलं व्हतं. बापाची चाल हाय त्याची." त्याच्यामागून न्हावी उठला.

त्रिमलशास्त्र्यांनी निवाडा दिला: महजर रद्द, दिव्य रद्द, जमीन राणोजीची, विसाजीचे कुळकर्ण सरकारजमा. दसरा चार दिवसांवर; ठाणे पिंपळदरीला गेले, आणि जसवंतराव कोणाचा निरोप न घेता जोत्यावरून उतरले.

थैली उघडली ती नुसत्या औषधपाण्यासाठी. कापडाबरोबर कातडे निघाले. विसाजीने तोंड फिरवले नाही; तेवढे तरी पाहणे भाग होते.

"पंत," राणोजीने विचारले, "आज बोललात ते परवा का नाही बोललात?"

"धीर झाला नाही."

राणोजीने मान हलवली. रागावला असता तर बरे झाले असते.

नवा महजर लिहायचा होता, आणि देशमुखांचा रोष ओढवून लेखणी धरायला एकही कारकून पुढे येईना. शास्त्र्यांनी विसाजीकडे पाहिले. "माझ्या हातचा कागद आता कोण मानील?" तो पुटपुटला.

"मी मानीन," राणोजी म्हणाला. "तुमचा हात धड आहे. तुम्हीच लिहा."

विसाजी मांडी घालून बसला आणि त्याने लिहिले. खाली राणोजीने डाव्या हाताने नांगराची वेडीवाकडी निशाणी काढली. वर विसाजीची अक्षरे नेहमीसारखीच वळणदार आली होती, हात एकदाही कापला नव्हता, आणि त्याचीच त्याला जन्मभर लाज वाटत राहिली.