पुस्तकाबरहुकूम मृत्यू

सिंधुबाई निर्दोष सुटली. पण हे अजून घडलंच नाही असं धरून चालू या. कारण मंगळवारी सकाळी ती कोठडीत होती आणि तिचा नवरा गेणू कॉलेज रोडवर आरोही निकमच्या कचेरीत डोकं धरून बसला होता.

"मॅडम, लय वर्सं तिनं बोडकेसायबांना रांधून घातलं. ती पिठल्यात इख घालील का?"

आरोही खासगी गुप्तहेर होती. तिचा मदतनीस दीपक गेणूपेक्षा जास्त रडत होता. मेलेले लेखक कारभारी बोडके त्याचं दैवत. 'कोळशाची भाकर' हे त्यांचं आत्मचरित्र त्याला पाठ होतं. त्यात मनमाड स्टेशनावर आईने शेवटची भाकर पोराला दिली आणि ती उपाशी मेली. तेव्हापासून कारभारी जमिनीवर पाट टाकूनच जेवत. पहिला घास ताटाबाहेर, आईसाठी.

"नाक पूस आणि गाडी काढ," आरोही म्हणाली.

गंगापूर रोडच्या बंगल्यात प्रेत हलवलं होतं, बाकी सगळं जागच्या जागी होतं. जमिनीवर पाट, पुढे पितळी, पितळीबाहेर भाकरीचा एक घास. पिठल्यात द्राक्षांवर फवारायचं औषध सापडलं होतं.

"शब्द न् शब्द पुस्तकातल्यासारखे गेले हो!" दीपकने हुंदका दिला.

"हं." आरोहीने ते पुस्तक वाचलं नव्हतं. त्यावरून दीपकने मागे एकदा राजीनामा दिला होता.

पुतण्या महेश, कारभारींच्या सख्ख्या भावाचा मुलगा, वरच्या मजल्यावर राहायचा.

"वारस मी, म्हणजे संशय माझ्यावर. लिहून घ्या," तो म्हणाला. "गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून काकांचे मोजेसुद्धा मी चढवायचो. वर हुकूम, 'मह्या, रविवारच्या समारंभाला आजीला वणीहून आणायचंय, गाडी सांग.' सत्कार त्यांचा, हमाल मी."

"पुस्तक वाचलंत?"

"घरातच लेखक असल्यावर कोण वाचतं?"

कोठडीत सिंधुबाई गजांना धरून उभी होती. "त्या सांजेला ताट मी टेबलावर झाकून ठिवलं. तेवढ्यात सानपसायेब काढ्याचा थर्मास घेऊन आले, म्हून मी निघाले. पुढचं मला काय बी ठावं नाय, बाई."

धनराज सानप म्हणजे बोडके वाचक मंडळाचा अध्यक्ष. तो लग्नाच्या बुफेतही जमिनीवर बसायचा. लोक त्याला ओलांडून पुऱ्या घ्यायचे. आताही आपल्या घरी तो पाटावरच होता. घास ताटाबाहेर निघाला होता.

"आबांना खोकला होता. काढा दिला नि निघालो," तो म्हणाला.

"रविवारचा समारंभ?"

"आता होणार नाही. बरं झालं." त्याने हातातला घास ताटात ठेवला. "म्हणजे, वाईट झालं."

दीपकने त्याला मिठी मारली. दोघे मिळून रडले.

संध्याकाळी आरोहीने सगळ्यांना बंगल्यावर बोलावलं. फौजदार सिंधुबाईला घेऊन आले.

"फौजदारसाहेब, दोन्ही गुडघे बदललेला माणूस पाटावर मांडी घालतो का?" तिने विचारलं. "घातली तर उठवायला क्रेन लागेल. कारभारी टेबलावर जेवत. सिंधुबाईला ते ठाऊक होतं, तिने ताट तिथेच झाकलं. महेशला ठाऊक होतं, तो त्यांचे मोजे चढवायचा. या दोघांपैकी कुणी ताट जमिनीवर मांडलं नसतं. कारभारी जमिनीवरच जेवतात अशी खात्री असलेला माणूस त्यांना फक्त पुस्तकातून ओळखत होता."

दीपकने हळूच हात वर केला. "मीपण."

"तू त्या संध्याकाळी माझ्याबरोबर होतास. नाहीतर तुलाच पोलिसांत दिलं असतं." ती सानपाकडे वळली. "विष काढ्यात होतं. कारभारी मेल्यावर तुम्ही उरलेलं विष पिठल्यात ओतलंत, ताट खाली मांडलंत, देह पाटाशी आणलात. आळ सिंधुबाईवर."

"पण कशासाठी?" फौजदारांनी विचारलं.

"महेश, वणीची आजी आईकडची की वडिलांकडची?"

"वडिलांकडची," महेश म्हणाला. "म्हणजे काकांची आई. ठणठणीत आहे, आमरस वाटीने पिते. रविवारी काका तिला स्टेजवर आणून खरं काय ते सांगणार होते."

दीपक भिंतीला टेकत टेकत खाली बसला.

सानप मात्र शांत होता. "मला आई नाही. तान्हा असतानाच गेली. पुस्तकातल्या त्या माउलीला मी रोज घास काढला, ताप असला तरी काढला. आणि आबा गेल्या आठवड्यात हसत म्हणाले, ती जिवंत आहे. चारचौघांत तिला जिवंत करणार होते ते. मी तिला वाचवलं."

"आणि ही फासावर गेली असती तर?" आरोहीने सिंधुबाईकडे बोट केलं.

सानपाने तिच्याकडे पाहिलं, जणू पहिल्यांदाच पाहत होता.

"पुस्तकात ही बाई नाही," तो म्हणाला.

गेणू बायकोला घेऊन गेला. वणीला म्हातारीला मुलगा गेल्याचं कुणी सांगायचं, यावर नातेवाइकांचं अजून एकमत नाही. तुरुंगातून सानपाने जन्म-मृत्यू नोंदणी अधिकाऱ्यांकडे अर्ज केला आहे:

"विषय: मृत्यूचा दाखला मिळणेबाबत. महोदय, लेखक कै. कारभारी बोडके यांच्या मातोश्री सध्या हयात असल्याचे समजते. तरी आत्मचरित्रातील मजकूर ग्राह्य धरून सदर महिलेची नोंद मयत म्हणून करण्यात यावी व दाखला अर्जदारास मुलगा या नात्याने देण्यात यावा, ही नम्र विनंती."