अकराव्या होलची बशी

बुधवारी दुपारी दोन वाजता इन्व्हरकार्न गावातल्या बायका हातातली कामं तशीच टाकतात आणि पटर, म्हणजे चेंडू हलकेच ढकलायची गोल्फची काठी, काखोटीला मारून समुद्राकाठी जातात. शंभर वर्षं हे असंच चाललं आहे. गोल्फच्या मोठ्या मैदानावर पुरुषमंडळी पूर्वी बायकांना फिरकू देत नसत. वाळूच्या टेकाडांमधला एक ओबडधोबड तुकडा कुणालाच नको होता, तो त्यांनी बायकांच्या पदरात टाकला. आता तोच तुकडा पुरुषांना हवासा वाटतो, आणि बायका त्यांना तिथे उभं करत नाहीत.

त्या हिरवळीवर हातभर जागा सपाट नाही. अठरा होल आणि त्यांच्यामध्ये उंचवटे, घळी, खळगे. होल समोर दिसत असतो, पण चेंडू मारायचा डावीकडच्या उंचवट्यावर. तिथे तो रेंगाळतो, वळतो, खळग्यात उतरतो आणि मनात आलं तर होलकडे येतो. सपाट जागेवर तुम्ही पाठवाल तिथे चेंडू जातो, त्यात कसली आलीय मजा? इथे मारणारीही बघ्यांइतकीच श्वास रोखून उभी असते. म्हणून तर गुडघे कुरकुरत असले तरी साठी-सत्तरीच्या बायका एक बुधवार चुकवत नाहीत.

इसोबेल किनियर बायकांच्या या मंडळाची चिटणीस. अडतीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, आणि डोळ्यांना दिसेल ते मोजल्याशिवाय चैन न पडणारी. दर शरद ऋतूत ती कौन्सिलच्या कचेरीतून उंची मोजायची तिपायीवरची दुर्बीण मागून आणायची आणि हिरवळीचा नकाशा काढायची. बायका तिची थट्टा करत. ती म्हणायची, "तुम्हाला चकवा वाटतो तो सगळा उतार आहे. उताराला मन नसतं."

तिची धाकटी बहीण मेझी दोन वर्षांपूर्वी नवरा गेल्यावर तिच्याकडे राहायला आली होती. आली ती खिडकीशी बसली, आणि सहा महिने जवळजवळ बोललीच नाही. शेवटी एका बुधवारी इसोबेलने तिला ओढत इथे आणलं. मेझीचा पहिलाच चेंडू तीन उंचवट्यांना वळसा घालून भलत्याच होलमध्ये जाऊन पडला. मेझी हसली. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. त्या दिवसापासून इसोबेलच्या लेखी बुधवारइतकं महत्त्वाचं जगात काही उरलं नाही.

मंडळाचा एक रिवाज होता. कुणाचाही चेंडू जिच्या बुटाला लागेल तिने पुढच्या बुधवारी चहाबरोबर केक आणायचा. इसोबेल वहीत नाव लिहून ठेवायची. बूट मात्र ठरावीकच घालावे लागत. टाचेने गवत खराब होऊ नये म्हणून सगळ्यांचे बूट सारखे, तपकिरी, सपाट रबरी तळव्यांचे. ते मैदानाकडेच्या लाकडी खोलीत मांडणीवर राहायचे. कुणाचे कुणाला कळावेत म्हणून आत, नाड्यांखालच्या चामडी जिभेवर शाईने नाव. किनियर बहिणींचे दोन जोड शेजारी शेजारी असत, मापही एकच.

जुलैपर्यंत बारा-तेरा जणींनी केक आणले, सगळ्या धडधाकट होत्या, आणि नेटा प्रिंगलची कंबर दोन इंच वाढली. ऑगस्टमध्ये पहिल्यांदा अकराव्या होलवर बुटाला चेंडू लागला. अकराव्याच्या अलीकडे एक उथळ, गोल खळगा आहे, त्याला सगळ्या बशी म्हणतात. नेटाने मारलेला चेंडू बशीत उतरला, काठाकाठाने दोनदा फिरला, मग बाहेर आला आणि लॉरिमर बाईंच्या बुटाला टेकला.

"घ्या, सुटका नाही," नेटा म्हणाली. "आणि तुमचा तो सुका केक नको बरं का. मागच्या खेपेला दात हलला माझा."

लॉरिमर बाई सोमवारी झोपेतच गेल्या. त्या ब्याऐंशी वर्षांच्या होत्या, त्यामुळे हळहळ सगळ्यांना वाटली, नवल कुणालाच वाटलं नाही. इसोबेलने वहीतल्या त्यांच्या नावापुढची जागा कोरी ठेवली.

तीन आठवड्यांनी टिबी मॉनक्रीफ. ती जेमतेम अठ्ठावन्नची. सकाळी पाऊस झाला होता, टिबीचे बूट आत ओले झाले म्हणून तिने ते अकराव्याच्या काठावर वाळत ठेवले आणि अनवाणी पाय हलवत दहा हात लांब बाकावर बसली. खेळत होती मेझी. तिचा चेंडू बशीत गेला, फिरला, बाहेर आला. सगळ्या मोकळ्या गवतातून वाट काढत तो टिबीच्या रिकाम्या बुटाजवळ गेला आणि चामड्याला लागून थांबला.

"मी तर इथे आहे," टिबी बाकावरून म्हणाली. "पाय नाही तर केक नाही."

"बूट तुझा, केक तुझा," नेटाने निकाल दिला, आणि सगळ्या हसल्या. मेझी सर्वांत जास्त हसली.

शुक्रवारी टिबी स्वतःच्या घरच्या जिन्यावरून पडली. जिना सहा पायऱ्यांचा होता.

शनिवारी सकाळी इसोबेल दुर्बीण घेऊन अकराव्यावर गेली. बशीच्या तळापासून टिबीचे बूट होते त्या जागेपर्यंत जमीन नऊ इंच चढत होती. तिने स्वतःचा चेंडू बशीत चाळीस वेळा सोडला. चाळीसही वेळा तो तळाशी जाऊन बसला, एकदाही काठापर्यंत आला नाही. मग तिने गेल्या वर्षीचा नकाशा उघडला. गेल्या वर्षी बशी सहा फूट अलीकडे, समुद्राच्या बाजूला होती.

आपण मोजण्यात चुकलो असू, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा मनापासून वाटलं, आणि तसं असावं अशी तिची इच्छाही होती. तिने पुन्हा मोजलं. आकडे तेच आले.

हिरवळीची देखभाल ड्यूगल्ड करायचा. लहानपणी तो मेझीच्या वर्गात होता, पण इसोबेलला बाईच म्हणायचा. लांब बांबूने गवतावरचं दव झटकत तो जवळ आला.

"ड्यूगल्ड, ही बशी भरून टाकता येईल? वाळू टाकून, वर गवताच्या लाद्या लावून?"

ड्यूगल्डने बांबू थांबवला. "माझ्या आधीच्या म्हाताऱ्याने भरली होती, बाई. छान सपाट केली होती."

"मग?"

"मग काय. वसंतात बघितलं तर तिकडे होती." त्याने बांबूने चार पावलांवरची जागा दाखवली. "त्या वर्षी जरा जास्तच गेल्या."

"जास्त म्हणजे किती?"

"मी मोजत नाही, बाई. मला इथे रोज पहाटे एकट्याला यावं लागतं." आणि तो बाराव्याकडे निघून गेला.

तरीही इसोबेलने पुढच्या सभेत बशी बुजवण्याचा ठराव मांडला. कारण मात्र तिने भलतंच सांगितलं, पाणी साचतं म्हणून. खरं कारण सांगायची तिला लाज वाटली.

"अगं, बशी गेली तर अकराव्यात उरलं काय?" नेटा म्हणाली. "तिथे तर खरी गंमत आहे. चेंडू आत गेला की जीव नुसता टांगणीला लागतो."

हात वर करायची वेळ आली. ठरावाच्या बाजूने एकच हात होता. मेझीने विरोधात हात वर केला आणि बहिणीकडे बघून डोळा मिचकावला.

सप्टेंबरच्या तिसऱ्या बुधवारी समुद्रावरून धुकं आलं. मेझीने आज जाऊ नये म्हणून इसोबेलने काय काय करून पाहिलं. डोकं दुखतंय म्हणाली. मेझी म्हणाली, मोकळ्या हवेत बरं वाटेल. मग इसोबेलने मेझीचा पटर कपाटामागे सरकवला. मेझीने तो दहा मिनिटांत शोधून काढला आणि म्हणाली, "तुझं वय झालंय इसा, आता वस्तू कुठेही ठेवतेस."

"आजच्या दिवस नको जाऊस."

"का?"

अडतीस वर्षं इसोबेल मुलींना विचारत आली होती, असं वाटतं म्हणजे काय, सिद्ध करून दाखवा.

"तिथे गेले की मी माणसात येते," मेझी म्हणाली. "तूच नाही का नेलंस मला?"

पोचायला उशीर झाला. खोलीतला दिवा गेला होता आणि बाकीच्या केव्हाच खेळायला निघाल्या होत्या. दोघींनी चाचपडतच बूट चढवले, नाड्या आवळल्या आणि घाईने धुक्यात शिरून बाकीच्यांना गाठलं.

दहाव्या होलपर्यंत मेझी फार सुंदर खेळली. एकेक चेंडू ती असा मारत होती की बायका टाळ्या वाजवत होत्या. अकराव्यावर आल्यावर इसोबेलने बशी कुठे आहे ते पाहून घेतलं आणि ती बशी व बहीण यांच्या मधे, पण सरळ वाटेपासून दोन पावलं बाजूला उभी राहिली. धुक्यात समुद्र दिसत नव्हता, ऐकूही येत नव्हता. गवताला लोखंडासारखा वास येत होता.

पाळी नेटाची होती. तिने चेंडू मारला.

तो बशीत उतरला. एकदा फिरला. दुसऱ्यांदा फिरला. त्याचा वेग कमी व्हायला हवा होता, पण तो झाला नाही.

"थांब बाई, थांब," नेटा चेंडूला म्हणाली.

चेंडू काठावर आला. ओल्या गवतात त्याच्यामागे बारीक, काळपट रेघ उमटत होती. ती रेघ चढावरून सरळ मेझीच्या दिशेने निघाली.

मेझी हसत उभी होती. पटर छातीशी धरून, लहान मुलीसारखी चवड्यांवर उचलली गेलेली.

"मेझी, सरक."

"अगं बघ तरी कसा येतोय तो."

पाच फूट राहिले. मग तीन.

इसोबेलने पाऊल पुढे टाकलं आणि पाय आडवा घातला.

चेंडू तिच्या बुटाला लागला. अगदी हलकेच. आणि थांबला.

"लबाडी," नेटा म्हणाली. "तो मेझीकडे चालला होता."

"माझ्या बुटाला लागलाय," इसोबेल म्हणाली. "केक माझा." तिचा आवाज स्वच्छ होता. शाळेत निकाल वाचून दाखवताना असायचा तसा.

पुढचे सात होल ती इतकी छान खेळली की तिचं तिलाच नवल वाटलं. भीती कुठे गेली कोण जाणे. अडुसष्ट वर्षं पुष्कळ झाली. घर मेझीच्या नावावर करायचं राहिलं होतं, तेवढं उद्या वकिलाकडे जाऊन उरकायचं. नेटाला सांगायचं, मेझीला दर बुधवारी बोलवायला जा, ती नाही म्हणाली तरी जा. धुक्यात पुढे कुठेतरी मेझीचं हसू ऐकू येत होतं आणि ते ऐकताना इसोबेलला मनापासून आनंद होत होता.

खेळ संपल्यावर खोलीत कुणीतरी नवा दिवा लावला. बायका पलीकडे चहाच्या टेबलाशी कलकलत होत्या. इसोबेल बाकावर बसली, तिने नाड्या सोडल्या आणि उजवा बूट काढून हातात घेतला. पुढच्या टोकावर चेंडू लागला होता तिथे रुपयाएवढा ओला डाग होता. तिने रुमालाने तो पुसला.

मग तिला बुटाची जीभ दिसली.

ती वाचून झाल्यावरही ती वाचतच राहिली. नाव मेझीचं होतं, अक्षरही तिचंच, शेवटी शेपटी ओढलेलं.

मेझी मोज्यांतच तिच्याकडे आली. तिच्या हातात दुसरा जोड लोंबत होता.

"हे बघ, मी दिवसभर तुझे बूट घालून हिंडले," ती म्हणाली. "तरीच म्हटलं, आज एवढे चेंडू कसे काय बसतायत." ती बहिणीशेजारी बाकावर टेकली आणि तिने बूट तिच्या मांडीवर ठेवले. आत जिभेवर, शाळेतल्या फळ्यावर लिहावं तसं सुटं सुटं नाव होतं. इसोबेल किनियर. चेंडू या बुटांकडे चालला होता.

इसोबेलने मेझीचा हात धरला. तो ऊबदार होता, गवताचा वास येत होता त्याला.

"अशी काय बघतेस?" मेझी म्हणाली. "बरं, तुझा केक मीच करते. तुझा मधे कच्चा राहतो. आल्याचा करू?"

"कर," इसोबेल म्हणाली.

"उद्या नको, सोमवारी करते, म्हणजे बुधवारपर्यंत चांगला मुरेल." मेझी उठली आणि हसत चहाकडे निघाली. दारातून तिने वळून विचारलं, "घरात काकवी आहे ना गं?"